शिकाऊ आरसी विमानात निकेलऐवजी लिथियम बॅटरी बसवताना

तुमच्या रिमोटने उडणाऱ्या (आरसी) शिकाऊ विमानात 7 सेलचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक आहे, मोटर ब्रशवाली आहे. त्याजागी लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर पॅक, बसवायचा तर किती सेलचा घ्यावा आणि जुनाच चार्जर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. 2 सेलचा घ्या. जुना चार्जर अजिबात वापरू नका. पण तुम्ही न विचारलेली एक गोष्ट आहे, विमानाचा तोल, आणि आधी त्याबद्दलच लिहितो, कारण माझं विमान त्यापायीच पडलं होतं.

मी जुना पॅक काढला आणि नवा लायपो त्याच जागी, त्याच वेल्क्रोवर चिकटवला. विमान हातात इतकं हलकं लागलं की मला आनंदच झाला. हातातून सोडताच नाक वर गेलं. स्टिक पुढे दिली तर नाक एकदम खाली, मागे ओढली तर पुन्हा वर. तिसऱ्या हेलकाव्याला वेग संपला, डावा पंख कलला आणि विमान नाकावर आलं. प्रोपेलर तुटला आणि मोटरजवळचा फोम दोन बोटं आत चेपला गेला. मोटर, सर्व्हो, रिसीव्हर, सगळं शाबूत होतं. बिघाड कशातच नव्हता, नाकातलं वजन तेवढं गेलं होतं.

हिशेब करून बघा. समजा जुन्या पॅकसकट विमान 600 ग्रॅमचं आहे. जुना पॅक 170 ग्रॅम, नवा 80 ग्रॅम, आणि बॅटरीची जागा सीजीच्या, म्हणजे विमान जिथे तोललं जातं त्या गुरुत्वमध्याच्या, 120 मिमी पुढे. म्हणजे तिथलं 90 ग्रॅम वजन कमी झालं. 90 गुणिले 120 भागिले नवं एकूण वजन 510, उत्तर येतं साधारण 21. सीजी 21 मिमी मागे सरकला. पंखाची रुंदी (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत) 180 मिमी असेल आणि सीजी पुढच्या कडेपासून 54 मिमीवर, म्हणजे 30 टक्क्यांवर असेल, तर तो आता 75 मिमीवर, जवळजवळ 42 टक्क्यांवर गेला. साध्या शिकाऊ विमानाला हे फारच मागे होतं. अशा विमानाचं इलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीतली पट्टी, इतकं तिखट होतं की नवशिक्याला ते आवरत नाही. नाक किंचित जड असलेलं विमान आळशीपणे उडतं, पण उडतं. शेपूट जड असलेलं विमान हाताबाहेर जातं.

म्हणून बॅटरी जागेवर बसवून, झाकण लावून, पंखाखाली दोन बोटांवर विमान तोलून बघा. विमानाच्या माहितीपत्रकात सीजीचं माप असेल तर तेच धरा. नसेल तर पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर बोटं ठेवा. विमान आडवं राहायला हवं किंवा नाक किंचित झुकायला हवं. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा, त्यासाठी आतला फोम थोडा कोरावा लागला तरी कोरा. पुढे जागाच नसेल तर नाकात शिसं भरण्याआधी जास्त एमएएचचा (जास्त क्षमतेचा), म्हणजे थोडा जड पॅक घेण्याचा विचार करा. वजन वाढवायचंच आहे तर ते उडण्याचा वेळ वाढवणारं असावं.

तोल जमला की वजन घटल्याचा फायदा लगेच जाणवतो. 600 चे 510 ग्रॅम झाले की स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाही तो वेग, सुमारे 8 टक्क्यांनी उतरतो. विमान सावकाश उतरतं, आणि शिकणाऱ्याला हवा असतो तो नेमका हाच वेळ.

आता सेलचं. 7 निकेल सेल म्हणजे कागदावर 8.4 व्होल्ट आणि 2 लायपो सेल म्हणजे 7.4, त्यामुळे ताकद कमी पडेल असं वाटतं. पण निकेलचा पॅक भाराखाली सेलमागे 1 व्होल्टच्या आसपास येतो, म्हणजे साधारण 7. लायपो त्या मानाने व्होल्टेज धरून ठेवतो. 3 सेलच्या मोहात पडू नका. व्होल्टेज दीडपट झालं की त्याच प्रोपेलरवर करंट जवळजवळ सव्वादोनपट होऊ पाहतो. 8 अँपिअरवर चालणारी मोटर 18 मागायला लागेल आणि तिचे ब्रश जळतील.

निकेलचा पॅक संपताना विमान हळूहळू मंदावतं, आपल्याला उतरायला सांगतं. लायपो शेवटपर्यंत जोरात राहतो आणि मग एकदम बसतो. सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की कायमचा खराब होतो. तुमचा इएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) निकेलसाठीचा असेल तर तो वेळेवर मोटर बंद करणार नाही. 6 व्होल्टला मोटर बंद करणारा इएससी घ्या, किंवा निदान बॅलन्स लीडला (पॅकच्या प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक वायरींच्या कनेक्टरला) लागणारा, व्होल्टेज उतरल्यावर वाजणारा छोटा बझर तरी लावा. टायमर मात्र दोन्ही बाबतींत हवाच. सुरुवातीला 4 मिनिटांत उतरा आणि चार्जरने परत किती एमएएच भरले ते बघा. 1300 च्या पॅकमध्ये 1040 च्या पुढे आकडा जात असेल तर टायमर कमी करा.

चार्जरबद्दल मी कडक बोलतोय त्याला कारण आहे. निकेलचा पॅक भरला की त्याचं व्होल्टेज किंचित खाली येतं, आणि ती घट ओळखून चार्जर थांबतो. लायपोत अशी घट येतच नाही. तो चार्जर करंट ढकलत राहतो आणि पॅक पेट घेतो. लायपोचा चार्जर सेलमागे 4.2 व्होल्टपर्यंत नेतो, तिथे व्होल्टेज धरतो आणि करंट उतरू देतो. बॅलन्स लीड नेहमी जोडा. 1300 एमएएचला 1.3 अँपिअर पुरे. चार्जिंग चालू असताना समोर बसा, पॅकखाली फरशी किंवा मातीचं भांडं असू द्या. फुगलेला किंवा आपटून चेपलेला पॅक पुन्हा चार्ज करू नका.

कनेक्टर बदलायची वेळ आली तर पॅकच्या दोन्ही वायर एकदम कापू नका, कात्रीचं पातंच शॉर्ट करतं. एक कापा, सोल्डर करा, तिच्यावर इन्सुलेशनची नळी चढवा, मग दुसरी.

हे सगळं झाल्यावर पहिल्यांदा मोटर बंद ठेवूनच उंच गवतावर विमान समोर सपाट सोडा. सरळ रेषेत उतरत गेलं तर थ्रॉटल द्या. नाक वर काढून थबकलं तर बॅटरी अजून 5 मिमी पुढे घ्या आणि पुन्हा सोडून बघा.