रिलायबिलिटी म्हणजे विश्वासार्हता की विश्वसनीयता?

प्रश्न असा आलाय. कोल्हापुरात एमडीएस (दातांच्या डॉक्टरांची पुढची पदवी) करणाऱ्या एका ताईंना, दातातोंडाच्या त्रासानं जगणं किती अडतं ते विचारणारी ओएचआयपी-१४ ही इंग्रजी प्रश्नावली पेशंटसाठी मराठीत आणायचीय, तर थिसिसमध्ये रिलायबिलिटीला विश्वासार्हता लिहू की विश्वसनीयता, आणि व्हॅलिडिटीला वैधता चालेल का.

विश्वसनीयता लिहा. व्युत्पत्तीनं बघायला गेलं तर दोन्ही एकच, विश्वास ठेवण्याजोगं, पण वापरात विश्वासार्ह म्हणजे माणूस, फार तर बातमी, आणि चाचणीच्या बाबतीत बीएडच्या, मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत विश्वसनीयताच रुळलीय. व्हॅलिडिटीला तिथंच सप्रमाणता मिळतो, तो घ्या. वैधता म्हटलं की मला तरी लायसन आणि कोर्टच आठवतंय. आणि न विचारता सांगतो, क्वालिटी ऑफ लाइफला जीवनमान नको, जीवनमान म्हणजे पगार किती, घर पक्कं का कच्चं; तुम्हाला विचारायचंय दातापायी जगणं किती अडलंय ते, तिथं जीवनाची गुणवत्ता जरा जड वाटलं तरी तेच बरं.

आता खरी गोम. विश्वसनीय वाचलं की लोकांना वाटतं 'खरं', पण इथं अर्थ एवढाच की पेशंटची हालत तीच असताना परत विचारलं तर उत्तरही जवळपास तेच येतंय. गुळाच्या अडतीवरचा काटा प्रत्येक ढेपेला बरोबर शंभर ग्रॅम कमीच दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे, सप्रमाण नाही; सप्रमाण म्हणजे जे मोजायचंय तेच बरोबर मोजणारा.

ही प्रश्नावली ऑस्ट्रेलियात स्लेड आणि स्पेन्सर यांनी १९९४ ला ४९ प्रश्नांची केली, पुढं १९९७ ला स्लेडनी ती १४ वर आणली, प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ५६, आणि गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. त्यातला पाचवा प्रश्न दातांमुळं चारचौघात अवघडल्यासारखं होतं का असा, आणि दहावा ओशाळायला झालं का असा, मूळ रचनेत दोन्ही वेगळ्या गटांतले. मराठीत आणताना माणूस दोन्हीकडं सरळ 'लाज वाटली का' लिहून मोकळा होतो, मग पेशंट दोन्हीकडं एकच खूण करणार, उत्तरं एकमेकांशी जुळणार आणि क्रॉनबॅकचा अल्फा (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, १९५१ पासून सगळे हाच काढतात, ०.७ च्या वर आला की गाईड खूश) उलट वाढणार! म्हणजे भाषांतर बिघडलं आणि आकडा सुधारला. अल्फा ०.९५ च्या वर गेला तर मी आधी एकच प्रश्न दोनदा विचारलाय का ते बघीन, पेढे नंतर.

तसंच 'खाताना अस्वस्थ वाटलं का' असं काही कुठं लिहू नका हो. कागलकडची म्हातारी म्हणणार, अस्वस्थ कशानं, भूक लागली होती की. खाताना त्रास होतोय का, एवढं पुरे. वेदनेच्या जागी ठणका. ती म्हणते 'दाढ ठणकतीया', वेदना हा केसपेपरवरचा शब्द.

पर्यायांचंही तेच. कधीच नाही आणि खूपदा कळतात, पण क्वचित आणि अधूनमधून दोन्हीला आपल्याकडं उत्तर एकच, 'कवातरी'. आज कवातरीला १ दिला, पंधरा दिवसांनी त्याच कवातरीला २ दिला, की पेशंटची हालत तीच असूनपण प्रश्नावलीची विश्वसनीयता गेली. म्हणून आधी थोड्या पेशंटांना नुसतं विचारून बघा की या दोन शब्दांत जास्त वेळा कुठला.

गोहाय नावाची १२ प्रश्नांची दुसरी प्रश्नावली आहे, १९९० ची, म्हाताऱ्या माणसांसाठी काढलेली, तिच्यात तर काही प्रश्न उलटे आहेत, त्रास न होता खाता येतं का, अशा धाटणीचे, म्हणजे 'हो' म्हटलं की त्रास कमी. त्याला पेशंट 'न्हाई' म्हणाला तर त्रास न्हाई का खाता येत न्हाई, हे विचारणाऱ्यालाच कळत नाही, आणि उलटे गुण द्यायचे राहिले तर अल्फा आपटतो. तिथं 'नीट खाता येतं का' असं सरळ लिहायचं.

आणि दुसऱ्यांदा विचारायला बोलवाल तेव्हा मधल्या काळात त्या पेशंटचं रूट कॅनल करून ठेवू नका, नाहीतर ठणका गेलेला असतोय आणि दोष प्रश्नावलीला लागतोय.