पहिल्या उपदेशाची तयारी करताना

इंदूरहून चेन्नईच्या गुरुकुल लुथरन महाविद्यालयात बी. डी. (ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी) करण्याचा तुमचा विचार मला आवडला; मात्र तेथील अध्यापन इंग्रजीत चालते, म्हणून वाचनाची सवय आतापासूनच लावावी. ग्रीक-हिब्रू या बायबलच्या मूळ भाषांची चिंता सध्या नको.

सुरुवातीला एवढे पुरे :
१. धर्मसुधारक मार्टिन लुथरची १५२९ ची लहान प्रश्नोत्तरावली (श्रद्धेची मूलतत्त्वे शिकवणारी पुस्तिका) तोंडपाठ करा.
२. पाळकसाहेबांबरोबर आजारी सभासदांच्या घरी जा आणि तेथे कमी बोला.

नवशिक्यांची नेहमीची चूक उपदेशात दिसते. नियमशास्त्र (देव माणसाकडून काय मागतो) आणि सुवार्ता (देव क्षमा कशी देतो) यांची सरमिसळ होते; वीस मिनिटे पापाची झाडाझडती चालते आणि क्षमेच्या वाट्याला शेवटचे एक वाक्य येते, तेही ‘म्हणून आपण सुधारू या’ असे, म्हणजे पुन्हा नियमशास्त्रच. लूक १५ मधील उधळ्या पुत्राचा दाखला घेतला, तर मुलाची उधळपट्टी थोडक्यात सांगून, परतणारा मुलगा दूर असतानाच त्याच्याकडे धावत गेलेल्या बापाजवळ श्रोत्यांना थांबवावे. दुसरी चूक उसन्या, पुस्तकी भाषेची (तरुणांना ती फार भारदस्त वाटते). आपल्याकडे मंडळीत मराठी आणि हिंदी दोन्ही बोलणारे बसतात, तेव्हा वाक्ये लहान ठेवा आणि उपदेश शनिवारी घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. जेथे अडखळाल, तेथे वाक्य मोडा.