वाचकांचे प्रश्न : डिस्पोजलची जीप फोर्डची की विलिसची?

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्या आजोबांनी १९५० च्या दशकात डिस्पोजलच्या (सैन्याने काढून टाकलेल्या मालाच्या) लिलावात घेतलेली जीप वाड्यात उभी आहे. स्टिअरिंग डावीकडे आहे. आरसी बुकात ‘विलिस, १९४४’ अशी नोंद आहे आणि डॅशबोर्डवर विलिसची पट्टीही आहे. पण गावातल्या मेकॅनिकने एक बोल्ट दाखवला आणि ‘ही फोर्ड आहे’ असं सांगितलं. इंजिन डिझेल आहे, ते वडिलांनी बसवून घेतलं. गाडी रंगवायला द्यायची आहे. त्याआधी कारखान्यातून आलेलं काय आणि मागून बसवलेलं काय, हे कसं ओळखायचं?
— एक वाचक, वाई

उत्तर : आधी एक विनंती. गाडी अजून रंगवायला देऊ नका, आणि सँडब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने रंग उडवायला) तर मुळीच नको. तुम्हाला हवी असलेली बहुतेक उत्तरं त्या रंगाखाली आणि चासीवर साचलेल्या ग्रीसखाली आहेत. कोल्हापुरात माझ्या वडिलांच्या गॅरेजात डिस्पोजलच्या जीपा येत, पाना धरायला मी तिथेच शिकलो. त्यातल्या कित्येकींची ओळख पुढे रंगकामात पुसली गेली. त्याची हळहळ मला अजून वाटते.

ही गाडी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारच्या मागणीवरून बनली. आराखडा ओहायो राज्यातल्या टोलेडोच्या विलिस-ओव्हरलँड कंपनीचा. युद्धाला लागणाऱ्या एवढ्या गाड्या एकट्या विलिसकडून होण्यासारख्या नव्हत्या, म्हणून तोच आराखडा फोर्डलाही दिला. विलिसची ती एमबी, फोर्डची ती जीपीडब्ल्यू. यातला जी गव्हर्नमेंटचा, पी हे ८० इंची व्हीलबेससाठी (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरासाठी) फोर्डचं खुणेचं अक्षर आणि डब्ल्यू विलिसच्या आराखड्याचा. १९४५ पर्यंत विलिसने साडेतीन लाखांहून अधिक आणि फोर्डने पावणेतीन लाखांहून अधिक जीपा बनवल्या. एकीचा सुटा भाग दुसरीला बसलाच पाहिजे, ही सैन्याची अट होती. म्हणजे भागांची अदलाबदल युद्ध चालू असतानाच सुरू झाली. तुमच्या आजोबांनी लिलावात बोली लावली तेव्हाच ती गाडी दोन्ही कंपन्यांचे भाग अंगावर घेऊन उभी असू शकते.

आता गाडीकडे वळू. पहिला सवाल फोर्ड की विलिस हा नाही. युद्धातली की युद्धानंतरची, हे आधी ठरवा. डाव्या स्टिअरिंगवर विसंबू नका. महिंद्रच्या जीपाही आपल्याकडे वर्षानुवर्षं डाव्या स्टिअरिंगच्या होत्या, त्यांच्या पाठीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं रंगवलेलं असे. त्यापेक्षा समोरच्या जाळीच्या उभ्या फटी मोजा. युद्धातल्या जीपला त्या नऊ असतात, नंतरच्या नागरी जीपला सात. पण जाळी बोल्टांवर असते आणि सहज बदलता येते, तेव्हा पुढे जा. ड्रायव्हरच्या सीटची गादी उचला. टाकीचं तोंड गादीखाली असेल तर चांगली खूण, नागरी जीपमध्ये ते बॉडीच्या बाजूला बाहेर काढलेलं असतं. मागची बाजू पाहा. युद्धातल्या जीपचं मागचं पॅनल पक्कं असतं, खाली पडणारं फळकं नसतं. हेडलाइटची पकड सोडून दिवा उलटा वळतो का, तेही बघा. रात्री इंजिनावर उजेड पाडता यावा म्हणून केलेली ही सोय मला त्या गाडीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, आणि ती शाबूत असेल तर कृपा करून वेल्डिंग करून बंद करू नका.

शेवटी मागच्या चाकाचा मध्यभाग पाहा, टोपण असेल तर काढा. हबवर बोल्टांनी आवळलेली चकती दिसली तर तो युद्धकाळातला फुल-फ्लोटिंग (फिरत्या दांड्यावर गाडीचं वजन न येणारा) अ‍ॅक्सल. मधोमध एकच मोठा नट आणि त्याला कॉटर पिन असेल, तर अ‍ॅक्सल नंतरच्या जीपचा आहे. अ‍ॅक्सल सहसा कोणी शोभेसाठी बदलत नाही, त्यामुळे या साक्षीला मी वजन देतो.

एवढ्यातून गाडी युद्धातली ठरली, की मगच फोर्ड-विलिसचा निवाडा करायचा. तो चासीवर होतो. गाडीपुढे खाली बसा आणि रेडिएटरखालून चासीच्या दोन दांड्यांना जोडणारा पुढचा आडवा भाग पाहा. तो गोल नळीचा असेल तर चासी विलिसची. उलट्या यू आकाराचा पन्हळी पत्रा असेल तर फोर्डची. हा भाग चासीत पक्का बसवलेला असतो, त्याची कोणी सहज अदलाबदल करत नाही. त्यानंतर नंबर शोधा. विलिसचा नंबर पुढच्या बंपरमागे डाव्या दांडीच्या आतल्या अंगाला रिव्हेटने ठोकलेल्या छोट्या पट्टीवर असतो. पट्टी गेली की नंबर गेला, म्हणून पुष्कळ विलिसना आज तो नाहीच. फोर्डने मात्र नंबर डाव्या दांडीच्या वरच्या अंगावर, इंजिनच्या माउंटिंगजवळ, थेट लोखंडात ठोकला. रॉकेलने ग्रीस काढा, तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवा आणि टॉर्च तिरका धरून बघा. विलिसचे नंबर १००००१ पासून सुरू होतात, फोर्डचे एकपासून. एमबी अक्षरांपुढे लाखाच्या आतला आकडा कोणी दाखवला तर तो मानू नका.

तुमच्या मेकॅनिकने दाखवलेला बोल्ट बहुधा डोक्यावर फोर्डच्या वळणाचं इंग्रजी एफ अक्षर असलेला असणार. फोर्डने हे अक्षर बोल्टांपासून कंसांपर्यंत जागोजाग उमटवलं. त्याची नजर चांगली आहे, पण एका बोल्टावरून गाडी ठरत नाही. एफ कुठे कुठे सापडतो त्याचे फोटो काढून ठेवा. जे भाग उघडण्याचं कोणाला कारण पडत नाही, तिथल्या खुणा जास्त बोलक्या.

बॉडीवरून मात्र १९४४ ची गाडी ओळखू पाहू नका. त्या वर्षापासून दोन्ही कंपन्यांना एकाच कारखान्याची एकसारखी बॉडी मिळू लागली. मागच्या पॅनलवर उठावात कंपनीचं नाव असलं तर ती गाडी १९४२ च्या मध्याआधीची, कारण नंतर सैन्याने नावं बंद केली.

राहिली डॅशबोर्डवरची पट्टी. अशा पट्ट्या नव्या बनतात आणि सर्रास विकत मिळतात, ती पुरावा म्हणून शेवटच्या क्रमांकावर ठेवा. स्क्रू नवे आहेत का, पट्टीखालच्या पत्र्यावर हिरव्या रंगाचे जुने थर आहेत की थेट अलीकडचा रंग आहे, एवढं पाहा. आरसी बुकातल्या ‘विलिस’चंही तसंच. आपल्याकडे जीप म्हटली की विलिसच म्हणायची रीत होती, ते नाव कागदावर उतरणं साहजिक आहे. चासी फोर्डची निघाली तर कागद दुरुस्त करण्याची रीत आरटीओत विचारा. कागदाशी जुळावा म्हणून चासीवर नवा नंबर ठोकून देणारे लोक भेटतील. त्यांना दारात उभं करू नका. तो गुन्हा आहे, आणि त्याने गाडीचा खरा इतिहास कायमचा मरतो.

डिझेल इंजिनाबद्दल वडिलांना दोष देऊ नका. पेट्रोल परवडेना म्हणून त्या काळात असंख्य जीपांनी इंजिन बदललं, आणि म्हणूनच त्या भंगारात न जाता चालत्या राहिल्या. मूळ इंजिन २१९९ सीसीचं, चार सिलिंडरचं, साइड व्हॉल्व्हचं. ते वाड्याच्या एखाद्या कोपऱ्यात पडलेलं आहे का, हे आधी घरातल्या मोठ्यांना विचारा. सापडलं तर ब्लॉकवर पुढे, उजव्या अंगाला, नंबरापूर्वी एमबी आहे की जीपीडब्ल्यू ते पाहा. इंजिनावरच्या रंगाच्या तळाशी राखाडी थर निघाला तर फोर्डच्या बाजूने आणखी एक साक्ष.

बोनेटच्या दोन्ही अंगांना बारीक पाणी पेपर लावून थर थर रंग उतरवा, तळहाताएवढीच जागा एका वेळी. तिथे सैन्याचे जुने आकडे निघू शकतात. निघाले, तर आधी फोटो, मग पुढचं काम.

प्रश्न : आमच्या युद्धकाळातल्या जीपसाठी जुन्या बाजारातून जेरीकॅन, फावडं-कुऱ्हाड आणि बंपरवर बसणारी विंच (दोराने गाडी ओढणारं यंत्र) मिळते आहे. विकणारा ‘कंपनी फिटेड’ म्हणतो. घ्यावं का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : फावडं आणि कुऱ्हाड हा सगळ्या जीपांचा नेमाचा संच होता. जागा बॉडीच्या डाव्या अंगाला, ड्रायव्हरच्या बाजूला. तुमच्या गाडीवर तिथे पट्टे ओवायच्या कड्या किंवा त्यांची जुनी भोकं आहेत का ते बघा. भोकं असतील तर ती बुजवू नका, त्यातच बसवा. हत्यारं स्वतः त्या काळातली असोत वा नसोत, त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही.

जेरीकॅन नीट तपासून घ्या. अमेरिकी कॅन पाच गॅलनचा, साधारण वीस लिटरचा. पेट्रोलच्या अमेरिकी कॅनला आट्यांचं मोठं फिरकीचं झाकण असतं. खटका दाबून उघडणारं झाकण असेल तर कॅन जर्मन किंवा ब्रिटिश धाटणीचा. त्यावर डब्ल्यूडी अक्षरं आणि बाण असला तर ब्रिटिश सैन्याचा. कोणी त्याला ‘नकली’ म्हणून भाव पाडायला सांगेल, तर विक्रेता ‘कंपनी फिटेड’ म्हणून चढवेल, दोन्हीकडे लक्ष देऊ नका. इकडच्या आघाडीवर ब्रिटिश-हिंदी सैन्याकडेही अमेरिकी जीपा होत्या. अशा जीपच्या पाठीवर ब्रिटिश कॅन शोभतो, आणि मी तो आनंदाने लावेन. कॅनवर ठोकलेलं साल फक्त पाहा. १९४५ नंतरचं असेल तर साध्या कॅनचाच भाव द्या.

विंच घेऊ नका. ती सरसकट प्रत्येक जीपला नव्हती, वेगळा संच म्हणून येई. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरून फिरणारी उभ्या ढोलाची कॅपस्टन विंच खरी. विजेवर चालणारी असेल तर कोणत्याही अर्थाने ती त्या गाडीची नाही.

त्यापेक्षा ते पैसे चाकांवर घाला. दोन अर्धांची बोल्टांनी जोडलेली कॉम्बॅट रिम अजून असेल तर तिला जपा. हवा पूर्ण काढल्याशिवाय तिचे जोडबोल्ट कधीही सोडू नका, आणि पंक्चरवाल्याला हे स्वतः उभं राहून सांगा. अर्धी रिम उडून माणूस जिवानिशी जाऊ शकतो. डाव्या बाजूच्या चाकांचे नटही उलट्या आट्यांचे आहेत. जोर लावून मुरगळले की स्टड तुटतो आणि मग सरळ आट्यांचा बसवला जातो. दोन्ही बाजूंचे आटे जसेच्या तसे राहिलेली जीप दिसली की मला तिच्या मालकाबद्दल आदर वाटतो.

प्रश्न : जीपची सहा व्होल्टची वायरिंग बारा व्होल्टची करून घेतली तर व्हिंटेज नोंदणी मिळेल का? सहा व्होल्टवर स्टार्टर फार मंद फिरतो.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर फेरनोंदणीला ५,००० रुपये. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही, रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. नियमाचा रोख चासी, बॉडी आणि इंजिन यांतल्या मोठ्या बदलांवर आहे. म्हणून वाईच्या वाचकांनी डिझेल इंजिनासह अर्ज करण्यापूर्वी अधिकाऱ्यांना विचारावं. तुमची अडचण वायरिंगची आहे. तरीही मी बारा व्होल्टच्या विरुद्ध आहे, कारण दिवे, डायनॅमो, मीटर सगळंच मग बदलत जातं.

स्टार्टर मंद फिरण्याचं कारण बहुतेक वेळा केबल असते. व्होल्टेज निम्मं असलं की तेवढ्याच कामाला करंट दुप्पट लागतो, आणि बाजारात मिळणारी बारा व्होल्टची बारीक केबल तो वाहून नेऊ शकत नाही. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत जाड तांब्याची केबल टाका. बॅटरीचं निगेटिव्ह टोक चासीला जिथे जोडलंय तिथला रंग लखलखीत लोखंड दिसेपर्यंत घासा. इंजिन आणि चासी यांच्यामध्ये विणलेली अर्थ पट्टी आहे का बघा, रंगकामानंतर ती परत लावायची राहून जाते. इतकं केल्यावरही स्टार्टर रेंगाळला तर तो उघडून ब्रश आणि बुश तपासून घ्या.