लोपबिंदू कागदाबाहेर जाऊ दे

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. आर्किटेक्ट व्हायचंय. इंटरमिजिएटला बी ग्रेड मिळाली होती, पण पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे दूरचं लहान दिसेल असं, साधा खोका काढतानाही रेषा थरथरते आणि खोका वाकडा दिसतो. बाबा म्हणतात, हातात कला नसेल तर नाद सोड. सोबत सरावाची दोन पानं पाठवतेय.
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : दोन्ही पानं नीट पाहिली. नाद सोडावा असं त्यांत काहीच नाही, हे बाबांनाही दाखव.

खोक्याचं आधी सांगते. तू दोन्ही लोपबिंदू, म्हणजे मागे जाणाऱ्या कडा वाढवल्यावर जिथे मिळतात ते बिंदू, ए-फोर कागदाच्या आतच घेतलेस. ते इतके जवळ आले, की खोका ताणल्यासारखा दिसतो. जमिनीवर ठेवलेल्या खोक्याचा आपल्याकडचा खालचा कोपरा बघ. तिथला कोन ९० अंशांपेक्षा कमी झाला, की डोळ्याला तो खटकतो. तुझ्या पाच खोक्यांत तसंच झालंय. फरशीवर वर्तमानपत्र पसर, मधोमध कागद चिकटव, दृष्टिरेषा, म्हणजे डोळ्यांच्या पातळीची आडवी रेषा, कागदाबाहेरपर्यंत वाढव आणि लोपबिंदू तिच्यावरच, वर्तमानपत्राच्या दोन्ही टोकांना घे. उभ्या रेषा मात्र उभ्याच ठेव.

आता थरथर. तू मनगटातून, तुकड्या-तुकड्यांनी रेषा ओढतेस आणि लगेच खोडतेस. ठिपक्यांची रांगोळी घालताना आपण आधी पुढच्या ठिपक्याकडे बघतो आणि मग हात सोडतो, तसंच इथे कर. दोन ठिपके दे, पेन न टेकवता दोन-तीनदा हात फिरव, मग खांद्यातून एका दमात रेषा ओढ. चुकली तर चुकू दे. म्हणूनच महिनाभर पेन्सिल नको, बॉलपेन घे.

रोज वीस मिनिटं पुरेत : एक पान रेषा, पाच खोके. मग लाल पेनाने प्रत्येक खोक्याच्या मागे जाणाऱ्या कडा वाढवून बघ, कुठे मिळतात ते. हे तपासणं बहुतेक मुलं टाळतात आणि माझ्या मते खरी प्रगती तिथेच होते. अधूनमधून काड्यापेटी डोळ्यांच्या पातळीवर, मग वर, मग खाली धरून बघ. वरची बाजू कधी दिसेनाशी होते ते कळलं, की दृष्टिरेषा पाठ करावी लागत नाही.

आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठीच्या नाटा परीक्षेत चित्रकलेचा भाग असतो, पण बी.आर्क. या पदवीला बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्रही लागतं, त्यामुळे त्या अभ्यासाच्या तासांतून चित्रांसाठी वेळ काढू नकोस. चित्रं काढायचा टॅब्लेट आत्ता घेऊ नका. महिन्याने पहिलं आणि शेवटचं पान पाठव, तारखा घालून.