न झिजलेल्या ब्रशची काळजी करा

गाळप हंगाम तोंडावर आला की कार्बन ब्रशबद्दलची पत्रं वाढतात. कार्बन ब्रश म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला टेकून त्याच्यापर्यंत वीज पोचवणारा कार्बनचा ठोकळा. प्रश्न तेच असतात, आणि प्रत्येकाला कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं. या वेळी निवडक पत्रांना उत्तरं देते.

मिक्सर चालू असताना खालच्या फटीतून निळसर ठिणग्या दिसतात. मोटर गेली का?

नाही. बारीक निळसर ठिणगी अशा मोटरमध्ये असतेच. ठिणग्या पिवळट, मोठ्या झाल्या किंवा जळका वास आला तर प्लग काढा आणि दुरुस्तीवाल्याकडून दोन्ही कार्बन एकदम बदलून घ्या. एकच बदलू नका.

सोसायटीच्या डीजी सेटच्या (डिझेल जनरेटरच्या) सर्व्हिसच्या बिलात दर वर्षी ‘कार्बन ब्रश बदलले’ असं येतं. इतक्या वेळा बदलावे लागतात का?

आधी अल्टरनेटरची, म्हणजे सेटमधल्या वीज तयार करणाऱ्या भागाची, नेमप्लेट आणि माहितीपुस्तिका बघा. सोसायट्यांत बसवलेले बहुतेक सेट ब्रशलेस असतात. जिथे ब्रशच नाहीत तिथे बदलणार काय? इंजिनाच्या स्टार्टरमध्ये मात्र ब्रश असतात आणि छोट्या पोर्टेबल जनरेटरमध्येही असू शकतात. म्हणून सर्व्हिसवाल्याला शांतपणे विचारा: कुठले बदलले? जुने दाखवा. जुने ब्रश दाखवता येत नसतील, तर पुढचं बोलणं सोसायटीच्या सेक्रेटरींनी करावं, माझं ते काम नाही.

मॅडम, मी साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. मिलच्या डीसी मोटरचे ब्रश वरून बरे दिसतात. फोरमन म्हणतात, स्पार्किंग सुरू झालं की बदलू. हंगाम निघेल का?

फोरमनसाहेबांना हे उत्तर वाचून दाखवा, थोडं लांब आहे.

ठिणगी दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. ब्रश इतका आखूड झालेला असतो की स्प्रिंगचा दाब त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही, मग तो कम्युटेटरवर, म्हणजे फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर, नाचायला लागतो. प्रत्येक नाचण्यासरशी तांब्याच्या पट्ट्यांच्या कडा जळतात. त्यानंतर नवे ब्रश घाला, तो खरबरीत कम्युटेटर त्यांनाही खाऊन टाकतो. म्हणजे काही हजारांच्या ब्रशऐवजी आर्मेचर, म्हणजे मोटरचा अख्खा फिरता भाग, लेथवर चढवायची वेळ येते, तीही भर हंगामात.

तेव्हा डोळ्यांनी बघू नका, मोजा. साफसफाईसाठी मिल थांबते तेव्हा आर्मेचरचा आणि फील्डचा (चुंबकाच्या गुंडाळ्यांचा), दोन्ही सप्लाय बंद करून, कुलूप लावून, एकेक ब्रश काढायचा आणि व्हर्नियरने लांबी घ्यायची. दर वेळी त्याच कडेने. वहीत प्रत्येक ब्रशची जागा लिहायची: कितवी रांग, कितवा ब्रश. आणि काढलेला ब्रश जिथला तिथेच परत जायला हवा.

आता हिशेब बघा. समजा नवा ब्रश ५० मिलिमीटरचा आहे आणि २५ ला बदलायचा आहे (ही मर्यादा उत्पादकाची, तुमची किंवा माझी नाही). एका रांगेत चार ब्रश. ५०० तासांत तिघे अडीच-अडीच मिलिमीटर झिजले, चौथा ६. सरासरी काढली तर साधारण ३.४, म्हणजे अजून ३२०० तास, १३० दिवसांच्या वर. सगळे खूश. पण तो चौथा त्याच वेगाने १५८० तासांतच संपतो, म्हणजे ६५-६६ दिवसांत. हंगाम ऐन भरात असताना.

आणि तो एकटाच का झिजतोय? कारण शेजाऱ्यांचं काम तो करतोय. कुणाची स्प्रिंग मऊ पडलीय, कुणाची पिगटेल, म्हणजे ब्रशची लवचीक वायर, ढिली आहे, कुणी होल्डरमध्ये भुशामुळे अडकलाय. करंट सोपी वाट धरतो. म्हणून मला जास्त झिजलेल्या ब्रशपेक्षा न झिजलेल्याची धास्ती वाटते. लोक मात्र तो हातात घेऊन म्हणतात, ‘बघा, हा नव्यासारखा आहे, वर्षभर चालेल!’ अहो, तो कम्युटेटरला टेकतच नाहीये.

मी नोकरीत असताना एका कारखान्यात हे डोळ्यांनी पाहिलंय. जानेवारीची रात्र, एका रांगेतले दोन ब्रश अडकलेले, उरलेल्यांवर सगळा भार. आदल्याच आठवड्यात ‘ब्रश ओके’ अशी सही झाली होती. फ्लॅशओव्हर झाला, म्हणजे कम्युटेटरवर मोठी ज्वाला उडाली, मिल थांबली आणि गव्हाणीत ऊस वाळत पडला. तोडलेला ऊस थांबत नाही. वजनही उतरतं आणि साखरेचा उताराही. ती सही करणाऱ्यांपैकी मी एक होते, म्हणून हे इतक्या तावातावाने लिहितेय.

मोजणीबरोबर तीन गोष्टी बघा. ब्रश होल्डरमध्ये बोटाने वरखाली सहज सरकतो का. पिगटेलचा रंग जळून निळा-काळा पडलाय का. आणि स्प्रिंगचा दाब: ब्रशखाली कागदाची पट्टी घाला, स्प्रिंग-काट्याने स्प्रिंग हळूहळू उचला, पट्टी सुटली की काटा वाचा. स्थिर बसवलेल्या मोटरच्या इलेक्ट्रोग्राफाइट (कार्बनचा एक प्रकार) ब्रशला सर्वसाधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला १८० ते २५० ग्रॅम दाब असतो, पण तुमच्या मोटरचा आकडा तिच्या पुस्तिकेतूनच घ्या. एकाच मोटरवर दाबांत मोठी तफावत दिसली तर उत्पादकाच्या माणसाला आताच बोलवा. हंगाम संपल्यावर नको.

ग्राइंडरसाठी दुकानदार म्हणतो, ‘कडक कार्बन घ्या, दुप्पट टिकतो.’ खरं का?

टिकेलही. मग त्याच्याऐवजी कम्युटेटर झिजेल आणि नवं आर्मेचर तोच दुकानदार विकेल. नुसत्या मापावर कार्बन घ्यायचा नसतो. ग्रेडही, म्हणजे कार्बनचा प्रकारही, तीच लागते. जाड निघालेला कार्बन फरशीवर घासून बसवणाऱ्यांना मी काही सांगत नाही, ते ऐकत नाहीत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मॉडेल नंबर दाखवा.

कम्युटेटर तपकिरी पडलाय. एमरी पेपर मारून चकचकीत करावा की स्प्रेने धुवावा?

दोन्ही नको. एकसारखा चॉकलेटी तपकिरी थर हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे. तांब्याचा ऑक्साइड, ग्राफाइट आणि हवेतली ओल यांचा तो पातळ पापुद्रा ब्रशला घसरायला मदत करतो. तो खरवडलात की झीज वाढते. एमरीचे कण ब्रशच्या तोंडात रुततात आणि तांब्यावर चरे पाडतात. स्प्रे तर कार्बनच्या भुकटीचा चिखल करून पट्ट्यांमधल्या खाचांत भरतो. भुकटी व्हॅक्यूमने ओढून काढा. हवेचा फवारा मारलात तर ती वाइंडिंगमध्ये शिरते आणि मेगर (इन्सुलेशनचं रीडिंग) खाली येतो. नवा ब्रश बसवताना बारीक काचपेपर चालतो, खरखरीत बाजू ब्रशकडे, कम्युटेटरच्या गोलाईला धरून. चट्टे, चरे किंवा ठरावीक अंतरावर काळ्या पट्ट्या दिसत असतील तर पेपर खाली ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

आमची मोटर निम्म्या लोडवरही चालत नाही, तरी ब्रश लवकर संपतात. कमी करंट म्हणजे कमी झीज ना?

असं वाटतं खरं. पण तो तपकिरी थर करंटमुळेच नीट धरतो. करंट फारच कमी असेल तर थर धरत नाही, ब्रश कोरडा घासतो आणि तांब्यावर दोऱ्यासारख्या रेषा उठतात. ओलही तितकीच लागते. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरचे ब्रश काही तासांत भुगा व्हायचे, कारण तिथल्या हवेत बाष्पच नव्हतं. जवळपास सिलिकॉन सीलंट वापरलं असेल तर तेही कळवा. बंद मोटरमध्ये त्याची वाफ ब्रश झपाट्याने खाते. काही जण अशा वेळी मनानेच निम्मे ब्रश काढून टाकतात. उपाय कधी कधी तोच असतो, पण किती आणि कुठले काढायचे ते महिन्याभराच्या लोडच्या नोंदी दाखवून ब्रश बनवणाऱ्यांकडून ठरवून घ्या.

अल्टरनेटरच्या दोन स्लिप रिंगपैकी (फिरत्या भागावरच्या अखंड कड्यांपैकी) एकीवरचेच ब्रश जास्त झिजतात. दोष आहे का?

बहुधा नाही. एक्सायटेशन, म्हणजे चुंबकासाठी दिलेला करंट, डीसी असल्याने एक रिंग कायम पॉझिटिव्ह, दुसरी कायम निगेटिव्ह राहते आणि दोन्हींची झीज सारखी होत नाही. ठरावीक काळाने पोलॅरिटी बदलायची पद्धत आहे, मात्र पुस्तिकेत तसं लिहिलं असेल तरच, आणि मशीन बंद असताना.

झीज दाखवणारे सेन्सरवाले ब्रश घ्यावेत का?

परवडत असतील तर घ्या. ते आखूड झालेला ब्रश दाखवतात. अडकलेला ब्रश झिजतच नाही, तेव्हा त्याची घंटा कधीच वाजणार नाही. वही चालू ठेवा.

आमचे जुने वायरमन चालू मोटरवर लाकडी पट्टीने एकेक ब्रश दाबून बघतात. अडकलेला ब्रश त्याने लगेच सापडतो. आम्हीही करावं का?

सापडतो, हे खरं आहे. तरीही नाही. मोठ्या वीजकेंद्रांत चालू मशीनवर ब्रश बदलतात, पण तिथे त्यासाठी खास होल्डर, लेखी परवाना आणि शिकवलेली माणसं असतात. तुमच्या पत्रात यातलं काहीच दिसत नाही. आज शिफ्ट सुटायच्या आत ती पट्टी काढून घ्या.