जॉनीचं ऐकताना हसू आलं, तिथं थांब

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. माईक ली या ब्रिटिश दिग्दर्शकाचा 'नेकेड' हा चित्रपट पाहून आल्यावर रात्रीच लिहायला बसला असावास, कारण अक्षर पळतंय आणि मध्येच दोन ओळी खोडून पुन्हा त्याच लिहिल्या आहेस. दोन तासांहून जास्त वेळ त्याच्या नायकाची, त्या जॉनीची बडबड ऐकून तू भारावून गेलास. तुझ्याबरोबरच्या दोन मैत्रिणी मात्र सुरुवातीलाच उठून बाहेर गेल्या, आणि तू त्यांच्यावर चिडलास. "त्यांना सिनेमा कळत नाही," असं तू लिहिलंयस. बाकीचं पत्र मला फार आवडलं, पण या एका वाक्यापाशी मी अडले. म्हणून तिथूनच सुरू करते.

त्या दोघींनी काय पाहिलं ते आठव. मँचेस्टरमधली रात्र, अंधारा बोळ, हलता कॅमेरा, एक पुरुष, म्हणजे हाच जॉनी, आणि एक बाई. सुरुवात तिच्या मर्जीनं झालीही असेल, पण क्षणभरात ती मर्जी संपते आणि तो थांबत नाही. ती सुटते आणि ओरडून त्याला धमकावते की घरचे तुला सोडणार नाहीत. तो पळतो, एक गाडी चोरतो आणि लंडनची वाट धरतो. हे पाहून ज्यांनी खुर्ची सोडली त्यांनी चित्रपट नीटच पाहिला होता. जे दाखवलं तेच त्यांना दिसलं, आणि त्याच्यापुढं त्या माणसाबरोबर जायला त्यांनी नकार दिला. प्रेक्षकाला तो हक्क आहे. त्या आत बसून राहिल्या असत्या तर त्यांना जास्त कळलं असतं, असं मानायला काही आधार नाही.

पहिल्यांदा मीही तिथंच थांबले होते. घरी कॅसेटवर बघत होते. बंद केली आणि पुढची काही वर्षं ठामपणे सांगत राहिले की हा बायकांचा द्वेष करणारा चित्रपट आहे. ठाम बोलायचे, पण पाहिली होती फक्त पहिली काही मिनिटं. नंतर एकदा पूर्ण पाहिला तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती मान्य करायला मला बराच वेळ लागला. मी हसत होते. रस्त्यावर 'मॅगी, मॅगी' ओरडत फिरणारा तो स्कॉटिश पोरगा आणि जॉनी समोरासमोर येतात तिथं मी मनापासून हसले. पुढे तो रिकाम्या इमारतीचा रात्रपाळीचा पहारेकरी भेटतो. आत काहीही नाही अशा जागेची राखण करण्यावरून जॉनी त्याची जी फिरकी घेतो, तिथंही हसले. बोळातल्या त्या बाईची तेवढा वेळ मला आठवणही नव्हती.

तू लिहिलंयस की जॉनी नालायक आहे हे कळत होतं, पण त्याचं बोलणं ऐकतच राहावंसं वाटत होतं. हे वाक्य तू घाईनं लिहून पुढे गेलास. मी तुझ्या जागी असते तर तिथंच चार पानं लिहिली असती. कारण चित्रपट तुझ्याशी जे करतो ते सगळं त्या एका वाक्यात आहे. डेव्हिड थ्यूलिसचा जॉनी हुशार आहे, वाचलेला आहे, त्याची जीभ धारदार आहे. बारकोडमध्ये सैतानाचा आकडा ६६६ दडलेला आहे, बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला 'वर्मवुड' नावाचा तारा म्हणजे चेर्नोबिलचा अणुअपघात, १९९९ मध्ये जग संपणार, असं तो त्या पहारेकऱ्याला एकामागून एक ऐकवतो. १९९९ येऊन गेलं, जग आहे तिथंच आहे, आणि तरीही ते भाषण ऐकताना तुझ्या अंगावर काटा आला असं तू म्हणतोस. म्हणजे तू त्याच्या युक्तिवादाला भुलला नाहीस. त्याच्या बोलण्याच्या वेगाला भुललास, आवाजाला भुललास. जॉनी लंडनला ज्या घरात येऊन थडकतो तिथं राहणारी सोफी नेमकी तशीच भुलते.

आता पुन्हा बघशील तेव्हा जॉनीकडे बघू नकोस. ऐकणाऱ्यांकडे बघ. सोफीचं काम करणारी कॅट्रिन कार्टलिज आता नाही, ती २००२ मध्ये गेली. तिचा चेहरा या चित्रपटात काय करतो ते बघ. आधी त्याच्या प्रत्येक वाक्याला दाद देते, मग त्याच्याजवळ राहायला धडपडते, आणि मग तो लांब सरकतो तेव्हा काय चुकलं हेच तिला कळत नाही. पहारेकऱ्याचं बघ. त्याला आयर्लंडमधल्या एका छोट्या घराचं स्वप्न आहे, तेवढ्या भांडवलावर त्याच्या रात्री निघतात, आणि जॉनी त्यावरच पाय देतो. आपण हसत असतो तेव्हा समोरचा माणूस काहीतरी गमावत असतो. हे पहिल्यांदा पाहताना दिसत नाही, मला तरी दिसलं नव्हतं.

यात माईक ली यांच्या पद्धतीचाही वाटा आहे. ते तयार संहिता घेऊन सुरुवात करत नाहीत. नटांना घेऊन आधी कित्येक महिने उत्स्फूर्त तालमी चालतात, त्यातून माणसं उभी राहतात, आणि आपल्या पात्राला जेवढं माहीत असेल तेवढंच त्या नटाला माहीत असतं. म्हणून या चित्रपटातले ऐकणारे लोक नटासारखे स्वतःच्या वाक्याची पाळी येण्याची वाट बघत बसलेले दिसत नाहीत. पुढचा वार कुठून येणार हे त्यांना ठाऊक नाही असंच वाटत राहतं.

१९९३ च्या कान महोत्सवात ली यांना दिग्दर्शनाचं आणि थ्यूलिसला अभिनयाचं पारितोषिक मिळालं, हे तू दोनदा लिहिलंयस. एकदा मैत्रिणींच्या विरोधात, एकदा स्वतःच्या समर्थनासाठी. दोन्ही ठिकाणी ते खोडून टाक. परीक्षकांनी जे पाहिलं ते परीक्षकांचं. त्याच वर्षी हा चित्रपट बायकांवरच्या हिंसेचा आस्वाद घेतो असा आरोपही झाला होता, आणि तो करणारी माणसं अडाणी नव्हती.

काळाबद्दल तू विचारलंयस, थोडक्यात सांगते. थॅचरबाई १९७९ पासून १९९० पर्यंत पंतप्रधान होत्या. १९८८ पासून सोळा-सतरा वर्षांच्या बहुतेक मुलांचा सरकारी भत्ता बंद झाला. लंडनला वॉटर्लू स्टेशनजवळच्या भुयारी वाटांमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यांत झोपणाऱ्यांची अख्खी वस्ती होती, 'कार्डबोर्ड सिटी' म्हणत तिला. बेघरांनी रस्त्यावर विकायचं 'द बिग इश्यू' हे नियतकालिक १९९१ मध्ये सुरू झालं. १९९३ च्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या बेकारांची संख्या तीस लाखांच्या घरात होती. जॉनीच्या पायाखालचा रस्ता हा असा आहे आणि हे माहीत असायला हवं. पण "तो व्यवस्थेचा बळी आहे" असं जे तू लिहिलंयस, ते मला पटत नाही. भत्ता बंद झालेली किती तरी माणसं त्या रस्त्यांवर होती, ती सगळी बोळात कुणावर हात टाकत नव्हती. इतिहासातून त्या रस्त्याचा उलगडा होतो, बोळाचा होत नाही.

आता माझी या चित्रपटाबद्दलची खरी तक्रार. सोफी राहते त्या घराचा तो श्रीमंत मालक, जेरेमी. तो इतका क्रूर, इतका पोकळ दाखवलाय की त्याच्या शेजारी जॉनी आपोआप माणसात जमा होतो. ही मला लबाडी वाटते. वाईट माणूस सुसह्य करायचा तर त्याच्या बाजूला त्याहून वाईट माणूस उभा करायचा, हा सोपा हिशेब आहे, आणि एवढ्या अवघड चित्रपटाला तो शोभत नाही. काही लोक म्हणतात की जेरेमी हा जॉनीचाच पैसेवाला अवतार आहे, हातात सत्ता असती तर जॉनी असाच झाला असता. विचार करण्यासारखं आहे. पण पडद्यावर मला ते तसं जाणवलं नाही, आणि जे जाणवलं नाही ते मी कबूल करणार नाही. तूही करू नकोस, कुणीही कितीही विद्वान माणसानं सांगितलं तरी.

आपल्याकडे १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर' आलं तेव्हा काय झालं ते तू ऐकलं असशील. सेन्सॉरनं प्रयोग अडवले, कमलाकर सारंगांना कोर्टात जावं लागलं. असला माणूस रंगमंचावर आणायचाच कशाला, हा सवाल तेव्हाही होता. सखारामही बोलघेवडा, स्वतःला खरं बोलणारा समजणारा, आणि बायकांना वापरणारा. पण ते नाटक आठवताना मला आधी लक्ष्मी आणि चंपा आठवतात. नाटक त्या दोघींच्या हातात जातं आणि सखाराम शेवटी नुसता उभा राहतो. 'नेकेड' बघताना मी हेच शोधत होते. सोफीच्या हातात चित्रपट कधीच येत नाही. त्याच घरात राहणाऱ्या लुईझच्या, म्हणजे जॉनीच्या जुन्या प्रेयसीच्या हातात थोडा वेळ येतो, अगदी शेवटाकडे. मार खाऊन आलेला जॉनी आणि ती दोघं मिळून मँचेस्टरचं गाणं म्हणतात, ती त्याच्याबरोबर परत जायचं ठरवते आणि नोकरीचा राजीनामा द्यायला बाहेर पडते. घरात जेरेमीनं टाकलेले पैसे असतात. जॉनी ते उचलतो आणि लंगडत निघून जातो, भर रस्त्यातून, आणि कॅमेरा त्याच्यासमोर मागे मागे सरकत राहतो.

तो शेवट पाहून तुला रडू आलं. मलाही आलं होतं. पण कुणासाठी आलं? तू लिहिलंयस, "त्याच्या एकटेपणासाठी." ठीक आहे, ते खरं असेल. फक्त एवढं बघ की त्या क्षणी कॅमेरा जॉनीबरोबर आहे म्हणून आपलं रडणंही त्याच्याबरोबर चालू लागतं. लुईझ तिकडे कचेरीत आहे. बोळातली ती बाई तर चित्रपटानं पुन्हा कधीच दाखवली नाही. हा दिग्दर्शकाचा दोष आहे, की जॉनीसारखी माणसं मागे वळून बघत नाहीत म्हणून चित्रपटही बघत नाही? इतकी वर्षं झाली, मी दोन्ही बाजूंनी वाद घालू शकते आणि दोन्ही वेळा मला माझं पटतं.

तू या चित्रपटावर लिहायचं म्हणतोयस, तर आधी कुणाचंही परीक्षण वाचू नकोस. जिथं जिथं हसलास त्या जागा कागदावर काढ आणि प्रत्येक जागेसमोर लिही की त्या वेळी पडद्यावर कोण दुखावलं जात होतं. मग त्या दोघी मैत्रिणींना भेट. समजावायला जाऊ नकोस. त्या नेमक्या कुठल्या क्षणी उठल्या एवढंच विचार, आणि त्या बोलतील तेव्हा मध्ये बोलू नकोस. तुला बोलायला आवडतं हे मला माहीत आहे, आणि जॉनी तुला इतका जवळचा का वाटला हेही थोडंफार कळतं, म्हणून काळजीनं सांगतेय.

आणि माझ्यासाठी एक पान लिहून पाठव. लुईझ राजीनामा देऊन घरी येते. दार उघडते. एवढंच, तिथून पुढे. जॉनी त्यात नको.

तुझी,
ताई