सलाइनच्या नळीतली हवा आणि केशवाहिन्या

प्रश्न : वडिलांना मिरजेच्या एका रुग्णालयात सलाइन लावले असताना नळीत बोटाच्या पेराएवढा हवेचा बुडबुडा दिसला आणि आम्ही सगळेच घाबरलो. सिस्टरनी नळीला दोन टिचक्या मारल्या आणि त्या शांतपणे पुढच्या खाटेकडे गेल्या. आमच्याकडे कृष्णेवरून आणलेल्या पाइपलाइनने हवा धरली की मोटर चालू असूनही शेतात पाणी पडत नाही. रक्तवाहिनीतही असेच होते का?
— एक वाचक, पलूस (जि. सांगली)

उत्तर : होते, पण कारण वेगळे आहे. पाइपलाइनमध्ये हवा हलकी असल्यामुळे उंचवट्यावर जाऊन बसते आणि एअर व्हॉल्व्ह उघडला की निघून जाते. केशवाहिनीचा (शरीरातल्या सर्वांत बारीक रक्तवाहिनीचा) व्यास मात्र जेमतेम 5 ते 10 मायक्रोमीटर, म्हणजे तांबड्या रक्तपेशीलाही अंग चोरून जावे लागेल इतका असतो. तिथे चढउताराला काही अर्थ उरत नाही आणि सारा कारभार पृष्ठताणाच्या (द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पापुद्र्यासारखा वागतो त्या गुणाच्या) हाती जातो.

बुडबुड्याच्या वक्र टोकावर पृष्ठताणामुळे जो दाब निर्माण होतो, तो त्रिज्या जितकी लहान तितका जास्त असतो. 4 मायक्रोमीटर त्रिज्येच्या वाहिनीत हा दाब सुमारे 200 मिलिमीटर पाऱ्याइतका भरतो, तर केशवाहिनीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रक्त ढकलणारा दाब साधारण 20 मिलिमीटरच असतो. बुडबुडा स्थिर असेल तर त्याच्या दोन्ही टोकांचे दाब एकमेकांना छेद देतात, हे खरे. परंतु रक्त त्याला ढकलू लागले की पुढचे आणि मागचे टोक सारख्या आकाराचे राहत नाही, आणि त्या दोन दाबांत दहाव्या हिश्श्याचा फरक पडला तरी प्रवाह थांबू शकतो. एकामागोमाग अनेक बुडबुडे असले तर हा विरोध प्रत्येक बुडबुड्यागणिक वाढतो. बारीक काचनळ्यांमध्ये हा परिणाम फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जामँ यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवला होता.

काचनळी निर्जीव असते, रक्तवाहिनी नव्हे, आणि माझ्या मते खरी गुंतागुंत इथेच आहे. बुडबुड्याच्या पृष्ठभागाला रक्तातील प्रथिने चिकटतात, प्लेटलेट गोळा होऊन गुठळी धरू लागतात, वाहिनीच्या आतील नाजूक अस्तराला इजा होते आणि तिथे पांढऱ्या पेशी चिकटतात. त्यामुळे बुडबुडा विरघळून गेल्यानंतरही त्या भागातला रक्तप्रवाह मंदावलेला राहू शकतो.

मग सिस्टर निश्चिंत कशा? हातावरच्या शिरेतून गेलेली हवा हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसांत पोहोचते आणि तिथल्या बारीक वाहिन्यांत अडकते. ही अडवणूक इथे उपकारकच ठरते, कारण पातळ भिंतीपलीकडे वायुकोश असतात आणि अडकलेली हवा हळूहळू त्यांत शिरून उच्छ्वासावाटे बाहेर पडते. नळीची पोकळी 3 मिलिमीटर धरली, तर अडीच सेंटिमीटर लांबीच्या बुडबुड्यात 0.2 मिलिलिटरही हवा नसते. प्रौढ माणसाच्या जिवावर बेतण्यासाठी साधारणपणे 200 ते 300 मिलिलिटर हवा वेगाने शिरेत जावी लागते, असे मानले जाते; आजारी किंवा अशक्त माणसाला त्याहून कमी हवाही बाधू शकते, हे लक्षात ठेवावे.

धमनीच्या बाजूचा हिशेब मात्र निराळा आहे. तिथे फुप्फुसांची चाळणी मध्ये नसल्यामुळे अगदी थोडी हवाही मेंदूच्या किंवा हृदयाच्या वाहिन्यांत अडकून गंभीर इजा करू शकते. सुमारे चौथा हिस्सा प्रौढांमध्ये हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील जन्मापूर्वीची फट पूर्ण बुजलेली नसते, आणि त्या वाटेने शिरेतली हवा कधीकधी धमन्यांकडे जाऊ शकते. खोल पाण्यातून झटकन वर आलेल्या पाणबुड्यांच्या रक्तात व ऊतींत विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. अशा रुग्णांना दाबयुक्त कक्षात प्राणवायू देतात : दाबाने बुडबुडा आक्रसतो आणि रक्तातला नायट्रोजन बाहेर पडू लागतो.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत घाबरण्याचे कारण नव्हते. नळीचा मोठा भाग रिकामा दिसला, सलाइन मानेतल्या मोठ्या शिरेत लावलेले असले, किंवा रुग्णाच्या हृदयात छिद्र असल्याचे आधीच माहीत असले, तर मात्र नळीची चकती फिरवून प्रवाह थांबवावा आणि सिस्टरना लगेच बोलवावे. लहान बाळाच्या बाबतीत छोटा बुडबुडाही दाखवून द्यावा.